‘एक साइज मोठा घ्या’ : एका सर्वमान्य सल्ल्याचे खंडन

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) बनवणाऱ्या कारखान्यात न्यूमॅटिक सिलिंडर निवडायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर येते : “हिशेबात पन्नासचा बोअर येतोय ना, मग सेफ साइडला त्रेसष्टचा घे.” ज्येष्ठ डिझायनर ते नवशिक्याला सांगतो, परचेसवाला व्हेंडरला सांगतो आणि मेंटेनन्सचा फोरमन तर सिलिंडर बदलताना कुणालाही न विचारता अमलात आणतो. इतक्या जाणत्या लोकांनी इतकी वर्षे पाळलेल्या सल्ल्याविरुद्ध बोलायचे तर पुराव्यानिशी बोलले पाहिजे. माझे म्हणणे असे आहे की बोअर वाढवल्याने मशीन सुरक्षित होत नाही. ते अधिक वीज खाते, अधिक आदळते आणि एका महत्त्वाच्या बाबतीत चक्क कमकुवत होते. शिवाय सिलिंडर ज्या कारणांनी खरोखर निकामी होतात, त्यांतल्या बहुतेकांवर मोठा बोअर हा इलाजच नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो हलका नाही. कॉम्प्रेसर रूममधल्या गेजवर सात बार दिसतात, पण शेडच्या शेवटच्या मशीनपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातले किती उरतील याची खात्री नसते. नव्या फिक्स्चरमध्ये लोण्यासारखी सरकणारी स्लाइड दोन वर्षांनी बुरादा आणि कूलंट खाऊन जड होते. ड्रॉइंगवर लिहिलेला लोड बऱ्याचदा अंदाजाचाच असतो. आणि दोन बोअरच्या किमतीत फरक तो किती? याखेरीज एक कारण बोलले जात नाही, पण सर्वांत मोठे तेच आहे : सिलिंडर कमी पडला तर रात्रपाळीत लाइन थांबते आणि डिझायनरचा फोन वाजतो. तो गरजेपेक्षा मोठा निघाला तर मात्र मशीनच्या आयुष्यभर कुणी चकार शब्द काढत नाही.

ही कारणे मला सगळी मान्य आहेत. चूक पुढे होते. प्रेशर पडणे, घर्षण वाढणे, लोडचा अंदाज चुकणे या अनिश्चितता निवडीच्या नियमात आधीच धरलेल्या असतात. सरकणारा किंवा उचलायचा लोड सिलिंडरच्या सैद्धांतिक ताकदीच्या साधारण निम्म्यापर्यंत ठेवायचा, वेग जास्त असेल तर त्याहूनही कमी, आणि नुसते दाबून धरायचे असेल तर सत्तर टक्क्यांपर्यंत जायचे, असा हा रूढ नियम आहे. उरलेली निम्मी ताकद राखून ठेवायची ती नेमकी याच अनिश्चिततांसाठी. ती राखून झाल्यावर पुन्हा त्याच कारणांसाठी साइज वाढवणे म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोनदा भरणे.

आणि ही दुसरी भर किरकोळ नसते. ३२, ४०, ५०, ६३, ८०, १०० ही बोअरची माळ अंदाजाने ओवलेली नाही. शार्ल रनार नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बलूनच्या दोरांच्या अगणित जाड्या आटोक्यात आणण्यासाठी भूमितीय श्रेणीचा वापर केला. आज आयएसओ ३ या मानकात असलेल्या पसंतीच्या अंकांचे मूळ तिथे आहे, आणि बोअरचे आकडे त्यातलेच. या माळेतला प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.२६ पट असतो. ताकद व्यासाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून प्रत्येक पायरीला ती सुमारे १.५८ पट होते. दोन पायऱ्या चढलात की अडीच पट, तीन चढलात की चौपट. ‘एक साइज’ हे ऐकायला नखभर वाटते. प्रत्यक्षात ती ५८ टक्क्यांची उडी आहे. डिझायनरने एक, त्याच्या साहेबांनी एक आणि मेंटेनन्सने एक अशी उडी मारली तर मूळ हिशेबाचे काहीच उरत नाही.

एक उदाहरण घेऊ, अगदी रोजच्यातले. ६० किलोचे कास्टिंग लोखंडी पट्ट्यांवरून २०० मिमी ढकलून पुढच्या स्टेशनवर न्यायचे आहे. प्रचलित पद्धतीत विचार असा चालतो : जॉब ६० किलोचे, म्हणजे ६० किलोची ताकद हवी. दुप्पट धरू, १२० किलो. ६ बारला ५०चा बोअर ११८० न्यूटन, म्हणजे बरोबर १२० किलो देतो. पण सेफ साइडला ६३चा घेऊ. मशीनवर ६३ बसतो आणि वर्षानुवर्षे चालतो. चालतो म्हणून निवड बरोबर होती असा समज पक्का होतो.

इथे पहिलीच पायरी चुकली आहे. जॉब उचलायचे नाही, सरकवायचे आहे. सिलिंडरला लढायचे आहे ते वजनाशी नव्हे, घर्षणाशी. घर्षण गुणांक ०.३ धरला तर लागणारा जोर १७७ न्यूटन, म्हणजे १८ किलो. आता ६ बारवर विसंबू नका, पोर्टवर ५ बारच येतील असे धरा. ३२चा बोअर ५ बारला ४०२ न्यूटन देतो. लोड रेशो, म्हणजे लागणारा जोर भागिले मिळणारा जोर, ०.४४. काम ३२मध्ये भागते. पट्ट्या खडबडीत असतील, बुरादा साचत असेल तर ४० घ्यावा आणि तिथेच थांबावे. जिथे ३२ पुरतो तिथे ६३ बसला आहे, म्हणजे चौपटीच्या जवळपास, आणि या सगळ्याला कारण काय, तर सुरुवातीला लोडचा हिशेब केलाच नाही. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. मोठ्या बोअरचा सल्ला हिशेब पक्का करत नाही, तो हिशेब टाळण्याची सोय करून देतो.

त्या सोयीची किंमत पाहू. ६ बारला २०० मिमी स्ट्रोकचा ३२चा सिलिंडर जाऊन येऊन वातावरणाच्या दाबाची सुमारे २ लिटर हवा पितो. ६३चा ८ लिटरच्या वर. मिनिटाला दहा सायकल धरल्या तर फरक ६१ लिटरचा. स्क्रू कॉम्प्रेसरला ७ बारच्या आसपास मिनिटाला एक घनमीटर हवा द्यायला साधारण साडेसहा किलोवॅट लागतात. म्हणजे हा एक सिलिंडर ०.४ किलोवॅट फुकट ओढतो. दोन पाळ्या, वर्षाचे ३०० दिवस, युनिटला आठ रुपये धरले की वर्षाला पंधरा हजार रुपये. सिलिंडरच्या खरेदीच्या किमतीपेक्षा बहुधा जास्तच. आणि लाइनवर असा एकच सिलिंडर क्वचितच असतो. ‘दोन बोअरच्या किमतीत फरक तो किती’ या प्रश्नाचे उत्तर कोटेशनमध्ये नव्हे, कॉम्प्रेसरच्या वीजबिलात शोधावे लागते.

यावर एक चांगला प्रतिवाद येतो : मोठा बोअर घेऊ आणि रेग्युलेटरने प्रेशर कमी ठेवू. तत्त्वतः बरोबर आहे. पण बहुतेक मशीनवर एका एफआरएलवर (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) सगळा मॅनिफोल्ड चालतो, प्रत्येक सिलिंडरला वेगळा रेग्युलेटर नसतो. शेजारचा क्लॅम्प ढिला वाटला की ऑपरेटर नॉब पिळतो आणि कमी ठेवलेले प्रेशर सगळ्यांसाठीच वाढते. जी मर्यादा नॉबवर अवलंबून आहे ती पाळीगणिक बदलणार, हे गृहीत धरूनच निवड करायला हवी.

आता वेग. ‘मशीन स्लो चालतेय, सिलिंडर मोठा टाका’ ही मागणी मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती कारणाच्या अगदी उलट दिशेला जाते. पिस्टनचा वेग ठरतो तो मिनिटाला किती हवा आत येते आणि त्याहून जास्त, किती बाहेर पडू शकते यावर. व्हॉल्व्ह तोच, नळी तीच आणि बोअर मोठा केला, तर तेवढ्याच हवेला दीडपट जागा भरावी लागते. सिलिंडर आणखी मंद होतो. मग फ्लो कंट्रोल पूर्ण उघडले जातात, एफआरएलचे प्रेशर वाढवले जाते आणि स्ट्रोकच्या टोकाला धाड्‌ धाड्‌ सुरू होते. खरा अडथळा बऱ्याचदा ६ मिमीच्या पीयू नळीत असतो. तिचा आतला व्यास ४ मिमीच. ८ मिमीची नळी टाकली, तुंबलेला सायलेन्सर बदलला, व्हॉल्व्ह सिलिंडरच्या जवळ आणला की तोच जुना सिलिंडर वेग धरतो.

त्या आदळण्याचाही हिशेब मांडता येतो. स्ट्रोकच्या शेवटी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवला असेल तर त्याला दोन गोष्टी पचवाव्या लागतात : हलणाऱ्या वस्तुमानाची गतिज ऊर्जा आणि सिलिंडर मागून ढकलत राहतो ते काम. वीस किलोची स्लाइड सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आली तर गतिज ऊर्जा २.५ ज्यूल. अ‍ॅब्सॉर्बरचा स्ट्रोक १२ मिमी धरा. ६ बारला ३२चा सिलिंडर त्या १२ मिमीत पूर्ण जोराने ढकलतो तेव्हा ५.८ ज्यूल घालतो, ६३चा २२.४ ज्यूल. म्हणजे मोठ्या बोअरच्या मशीनवर अ‍ॅब्सॉर्बरला मारणारी मुख्य गोष्ट स्लाइड नाहीच, तो सिलिंडर स्वतः आहे. असे अ‍ॅब्सॉर्बर लवकर गळू लागले की पुन्हा मोठ्या साइजचे मागवले जातात.

इमर्जन्सी स्टॉपनंतरचा पहिला स्ट्रोक तर याहून वाईट. मीटर-आउट पद्धतीत वेगावर लगाम असतो तो बाहेर पडणाऱ्या हवेचा. लाइन पूर्ण रिकामी झाल्यावर पलीकडच्या बाजूला अडवायला हवाच नसते. पिस्टन झेप घेतो. सॉफ्ट-स्टार्ट व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनवर ही झेप ६३च्या बोअरची १८७० न्यूटनची की ३२च्या बोअरची ४८३ न्यूटनची, हा फरक ज्याचा हात फिक्स्चरमध्ये आहे त्याच्यासाठी किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. ‘सेफ साइड’ म्हणताना आपण कुणाच्या सुरक्षिततेबद्दल बोलतो आहोत, हे इथे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. आयएसओ १५५५२ मानकाच्या सिलिंडरांचा कॅटलॉग उघडा आणि रॉडच्या व्यासाचा रकाना वरून खाली वाचा. ३२ला १२ मिमी, ४०ला १६, ५०ला २०, ६३ला... पुन्हा २०. पुढे ८०ला २५ आणि १००लाही २५. रॉडच्या टोकाचा आटासुद्धा ५० आणि ६३ला एकच, एम १६. बोअर ५०वरून ६३वर नेला की जोर ५८ टक्क्यांनी वाढतो, पण तो जोर वाहणारा रॉड जिथल्या तिथे.

लांब स्ट्रोकमध्ये याचा अर्थ काय होतो ते पाहा. मागे क्लेव्हिसवर आणि पुढे रॉड क्लेव्हिसवर बसवलेला सिलिंडर घ्या, स्ट्रोक सहाशे-साडेसहाशे मिमी. रॉड पूर्ण बाहेर असताना दोन पिनांमधले अंतर १५०० मिमीच्या घरात जाते. ऑयलरच्या सूत्राने २० मिमी पोलादी रॉड एवढ्या लांबीवर सुमारे ७२०० न्यूटनला वाकतो. फॅक्टर ऑफ सेफ्टी ५ घेतला की वापरण्याजोगी मर्यादा १४४० न्यूटन. ६ बारला ५०चा सिलिंडर ११८० न्यूटन देतो. तो मर्यादेत आहे. ६३चा १८७० देतो, तो मर्यादेबाहेर. ज्याने हिशेबाने ५० निवडला त्याचा रॉड सुरक्षित होता, आणि ज्याने सेफ साइडला ६३ टाकला त्याने सुरक्षिततेचा गुणक सहावरून चाराच्याही खाली आणला. कुणी म्हणेल, लोड कमी आहे, पूर्ण जोर येणारच नाही. चालू मशीनवर येत नाही हे खरे, पण जॉब अडकले की येतो. सेफ्टी नेमकी त्याच क्षणासाठी ठेवायची असते.

इतके खंडन केल्यावर मंडनाची जबाबदारी येते. मोठा बोअर नको तर काय हवे? मला विचाराल तर निवडीवर जेवढा वाद होतो त्याच्या निम्मे लक्ष जरी बसवण्याकडे गेले तरी पुरे. निकामी झालेला सिलिंडर फेकण्याआधी उघडून पाहावा. बहुतेक ठिकाणी निदान ठरलेले असते : सील गेले, माल खराब आला. पण ते सील बोटांत फिरवून पाहा. ओठाची एक बाजू झिजून चपटी आणि चकचकीत झालेली असते आणि समोरच्या बाजूला साच्यातून निघाल्यासारखी धार शाबूत असते. मग रॉड उजेडात धरा : क्रोमवर एकाच अंगाला लांबच लांब मळकट पट्टा. पुढच्या झाकणातली बुश पाहा, भोक गोल राहिलेले नसते. खराब माल चारही बाजूंनी खराब असतो. एकाच बाजूची झीज म्हणजे आडवा लोड. रॉडला कुणीतरी रोज बाजूने ढकलत होते. त्यावर नवे सील किट घातले तर तेही त्याच बाजूने जाणार. आणि ५०च्या जागी ६३चा टाकला तर? रॉड तोच २०चा, आणि चुकीच्या दिशेने ढकलायला आता दीडपट जोर.

आडवा लोड येतो तो सिलिंडरला गाइड समजून वापरल्यामुळे. सिलिंडरचे काम ढकलणे-ओढणे; वजन तोलणे आणि सरळ रेषेत नेणे हे एलएम गाइडचे किंवा गाइडेड सिलिंडरचे काम. गाइड असूनही सिलिंडरचा अक्ष आणि गाइडची रेषा समांतर नसेल तर तोच प्रकार. याची परीक्षा सोपी आहे आणि तिला एकही उपकरण लागत नाही. हवा बंद करून लाइन रिकामी करा. रॉड आणि लोड यांना जोडणारी पिन काढा. रॉड पूर्ण आत ढकला, लोड हाताने त्या टोकाला आणा आणि पिन बोटाने घालून पाहा. मग रॉड पूर्ण बाहेर ओढा, लोड दुसऱ्या टोकाला न्या, पुन्हा पिन घाला. दोन्ही टोकांना ती बोटाच्या दाबाने गेली पाहिजे. एका टोकाला हातोडी लागली तर त्या हातोडीचा जोर यापुढे प्रत्येक सायकलला बुश सोसणार आहे.

मेंटेनन्समध्ये बोअर वाढवण्याचा खरा तोटा इथे उघडा पडतो. फूट माउंटिंगवर ५०च्या सिलिंडरची मध्यरेषा बैठकीपासून ४५ मिमीवर असते, ६३ची ५० मिमीवर. आटा एकच असल्यामुळे ६३चा रॉड जुन्या जोडणीत बेमालूम बसतो आणि बदल सोपा वाटतो. पण अक्ष ५ मिमी वर गेला आहे. बैठकीची नवी भोके हँड ड्रिलने पाडलेली असतात, मोजमाप नजरेचे असते. जो सिलिंडर आडव्या लोडने गेला होता, त्याच्या जागी आणखी मोठ्या आडव्या लोडची सोय करून नवा बसवला जातो.

म्हणून फ्लोटिंग जॉइंट. गाइडवर चालणारा लोड आणि घट्ट बसवलेला सिलिंडर यांच्यामध्ये तो असलाच पाहिजे असे माझे मत आहे. खर्च कापताना यादीतून पहिल्यांदा उडतो तोही हाच, याचे मला मनापासून वाईट वाटते. लोड कमानीत फिरत असेल तर फ्लोटिंग जॉइंटने भागत नाही. तिथे मागे क्लेव्हिस किंवा मध्ये ट्रनिअन हवे. आणि दोन्हीकडे क्लेव्हिस असले तरी ती मोकळीक एकाच प्रतलात मिळते हे विसरू नये. दुसऱ्या प्रतलातली चूक सोसायला टोकाला गोलाकार बेअरिंगचा रॉड आय लावावा.

बाकी बाबी माहितीतल्या आहेत, पाळल्या जात नाहीत एवढेच. नळ्या जोडण्याआधी हवेने झाडून घ्याव्यात. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळावी, नाहीतर तिचे तुकडे फ्लो कंट्रोलच्या सुईत जाऊन बसतात. कुशनचा स्क्रू जवळजवळ बंद ठेवून सुरुवात करावी आणि हळूहळू उघडत न्यावा. कारखान्यातून ग्रीस भरून आलेल्या सिलिंडरला लुब्रिकेटरचे तेल एकदा सुरू केले की मूळ ग्रीस धुऊन जाते; मग तेल कधीच थांबवता येत नाही. फाउंड्रीत, वाळूच्या धुळीत, रॉडला धातूचा स्क्रेपर किंवा बेलो लावावा. तिथे बोअर वाढवणे निरर्थक आहे.

मोठा बोअर कधीच घेऊ नये असे मी म्हणत नाही. उभ्या दिशेने वजन उचलायचे असेल, कटिंगच्या जोराविरुद्ध जॉब धरून ठेवायचे असेल, किंवा पोर्टवरचे प्रेशर खरोखर साडेचार बारला येत असेल, तर हिशेबच मोठा बोअर मागेल आणि तो दिला पाहिजे. पण ते प्रेशर मोजलेले असावे. एफआरएलच्या गेजवर मशीन उभे असताना दिसणारा आकडा याला चालत नाही. सिलिंडरच्या पोर्टवर टी लावून तिथे गेज बसवा आणि रॉड चालत असताना काटा कुठे उतरतो ते पाहा. तो फार उतरत असेल तर आधी नळी, एल्बो आणि फिल्टर तपासा. हवा गेल्यावर क्लॅम्प सुटू नये ही चिंता असेल तर पायलट चेक व्हॉल्व्ह किंवा रॉड लॉक लावा. हवा नसलेला १००चा बोअरही काही धरून ठेवत नाही.

एक सूचना डिझायनर मंडळींना. बीओएममध्ये ‘सिलिंडर ३२×२००’ एवढेच लिहून थांबू नका. त्याच ओळीत लोड १७७ न्यूटन, पोर्टवरचे किमान प्रेशर ५ बार आणि लोड रेशो ०.४४ हे तीन आकडे लिहा, आणि मशीनच्या मॅन्युअलमध्येही ते जाऊ द्या. आज मेंटेनन्सच्या हातात फक्त साइज असते, त्यामागचे कारण नसते; म्हणून स्टोअरमध्ये जो मोठा सापडेल तो बसवणे हाच त्याला शहाणपणा वाटतो. हे आकडे समोर असले तर ४० का चालेल, ६३ का नको आणि ४० बसवायचा तर मध्यरेषा ४ मिमी वर जाणार असल्याने बैठक किती खाली घ्यावी लागेल, हे तो स्वतः ठरवू शकेल.